बापूकाकाच्या गालावरचा घाम

आजचा भाग सुरू करण्याआधी एक करा. दोन बोटं कानाच्या पाळीच्या जरा पुढे, गालावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली जो स्नायू टणक झाला ना, त्याच्यावर, अगदी कानाला लागून, एक मऊ ग्रंथी पसरलेली आहे. लहानपणी तुम्हाला गालगुंड झालं असेल तर सुजली होती ती हीच. लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींमधली सगळ्यात मोठी. डॉक्टर तिला पॅरोटिड म्हणतात. आजची गोष्ट या दोन बोटांएवढ्या जागेची आहे.

माझ्या बापूकाकाला जेवताना उजव्या गालावर घाम येतो. फक्त उजव्या. लोणच्याची फोड तोंडात गेली की कानापुढे बारीक थेंब जमतात, आणि तो न बघता उपरण्यानं पुसतो. मागच्या मे महिन्यात एका लग्नात पंगतीला बसलो होतो, तर समोरच्या पोरानं विचारलं, "काका, तिखट लागलं का?" काका हसला. हसताना त्याचा खालचा ओठ एकाच बाजूला ओढला जातो, दुसरी बाजू जागची हलत नाही. पोरगं गप्प झालं.

तर झालं असं होतं. २००९ साली काकाच्या उजव्या कानापुढे लिंबाएवढी गाठ होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव, सोयाबीनची पेरणी तोंडावर. आजी एकटी म्हणत होती, "आरं, मुंबईला दाखवा." वडील म्हणाले, साध्या गाठीला मुंबई कशाला? मी तेव्हा अकरावीत होतो, सायन्सला, म्हणजे घरातला निम्मा डॉक्टर. मीसुद्धा म्हणालो, चरबीची असेल. जवळच्या एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात गाठ काढली. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. संध्याकाळी काका घरी, तिसऱ्या दिवशी शेतात. ती गाठ कुठल्या लॅबमध्ये तपासायला गेली नाही. पाठवायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

२०१३ मध्ये त्याच टाक्यांच्या खाली एक नाही, मण्यांसारख्या चार-पाच गाठी आल्या. मग मात्र देवगिरी एक्सप्रेस, दादर, परळ. सुईची तपासणी. लाळग्रंथीचा कॅन्सर.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण मला बरीच वर्षं एक प्रश्न छळत होता. एकच माणूस, एकच गाल. एका गावात ते ऑपरेशन पाऊण तासाचं होतं आणि दुसऱ्या शहरात जवळजवळ दिवसभराचं. असं कसं? याचं उत्तर शोधता शोधता मी थेट १६६० सालात जाऊन पोचलो.

त्या साली ॲमस्टरडॅममध्ये नील्स स्टेन्सन नावाचा बावीस वर्षांचा पोरगा मेंढीचं डोकं फाडत बसला होता. मूळचा कोपनहेगनचा. नळीत सळई घालून बघता बघता त्याची सळई गालातून तोंडात निघाली आणि दातावर खट्‌ वाजली. पॅरोटिडमधून तोंडात लाळ आणणारी नळी त्याला सापडली होती. तो ज्याच्याकडे शिकत होता त्या प्राध्यापकाचं म्हणणं, शोध माझाच. झालं भांडण. शेवटी नाव पोराचंच राहिलं, आजही डॉक्टर तिला स्टेन्सनची नळी म्हणतात. (हाच माणूस पुढे खडकांचे थर वाचायला शिकला, भूगर्भशास्त्राचा पाया घातला आणि मग सगळं सोडून बिशप झाला. त्याच्यावर वेगळा भाग करायचाय.) हे कोपनहेगन लक्षात ठेवा, परत तिथे जायचंय.

नळी सापडली, पण ग्रंथीच्या आतली खरी भानगड वेगळीच आहे. चेहरा हलवणारी नस कवटीतून कानाखाली बाहेर पडते आणि थेट या ग्रंथीत शिरते. आत तिला फाटे फुटतात. मुख्य पाच: कपाळाला, डोळ्याला, गालाला, खालच्या ओठाला, मानेला. भुवई उडवणं, डोळा मिटणं, शिट्टी वाजवणं, हसणं, सगळं या पाच दोऱ्यांवर. आणि हे दोरे ग्रंथीच्या शेजारून जात नाहीत, मधून जातात. पाव कापायचा आहे, पण मधली चटणी जशीच्या तशी राहिली पाहिजे. आणि ती चटणी म्हणजे दोऱ्याएवढी नस.

ही नस नेमकं करते काय, हेच डॉक्टरांना कितीतरी काळ धड माहीत नव्हतं. चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रोग्यांची ही नस काही सर्जन कापून टाकायचे, दुखणं जाईल म्हणून. कळा जायच्या नाहीत, वर चेहरा लुळा पडायचा. १८२१ साली लंडनमध्ये चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जननं दाखवून दिलं की चेहऱ्याला हालचाल देणारी नस वेगळी आणि संवेदना देणारी वेगळी. ‘बेल्स पाल्सी’ ऐकलं असेल, रात्रीत तोंड वाकडं होतं ते. त्यातला बेल हा.

म्हणजे आता नस कळली. पण कळली म्हणून वाचवता येते असं थोडंच आहे? भूल नव्हती. जागा माणूस, दोन-तीन जणांनी धरून ठेवलेला, रक्त वाहतंय, आणि तुम्ही दोरा शोधताय. पॅरोटिड आख्खी काढणं माणसाच्या हातून शक्य तरी आहे का, यावरच सर्जन वाद घालत होते. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन पहिलं गाजलेलं जाहीर ऑपरेशन झालं. ते कशाचं होतं माहितीय? जबड्याखालच्या गाठीचं. ती गाठ रक्तवाहिन्यांची होती, लाळग्रंथीची नव्हे, पण जागा बघा, काकाच्या गाठीपासून चार बोटांवर.

भूल आली, जंतूंचं ज्ञान आलं, सर्जनला वेळ मिळाला. तरी या ग्रंथीच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक जण एकच करत राहिले. कातडी उघडायची, गाठीवरचं आवरण चिरायचं आणि आतली गाठ चमच्यानं काढावी तशी खरवडून काढायची. कारण सरळ होतं, नसेला हात लावायचीच भीती. रोगी हसत घरी जायचा, खरोखरच हसत, दोन्ही बाजूंनी. काही वर्षांनी परत यायचा. गाठी परत आलेल्या असायच्या, एकीच्या चार झालेल्या.

ओळखीचं वाटतंय ना? मला हे वाचताना अंगावर काटा आला होता.

१९५८ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले सर्जन डेव्हिड पेटी आणि पॅथॉलॉजिस्ट थॅकरे यांनी एक साधं काम केलं. ऑपरेशनमध्ये निघालेल्या ग्रंथी घेतल्या, त्यांचे काप केले आणि भिंगाखाली घातले. दिसलं काय, तर गाठीचं आवरण वरून गुळगुळीत वाटतं, पण सगळीकडे अखंड नसतं. गाठीची बारीक बोटं बाहेरच्या ग्रंथीत घुसलेली असतात. खरवडलं की बोटं तुटून आतच राहतात आणि तीच पुढे मणी होऊन वाढतात. बरं, ही सवय साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींचीसुद्धा आहे. म्हणून आधी नस शोधा, तिचे फाटे एक-एक मोकळे करा आणि गाठ भोवतालच्या ग्रंथीसकट काढा. वेळ लागतो. हात बसायला वर्षं लागतात.

मंडळी, १९५८. काकाचं पहिलं ऑपरेशन २००९ चं. मधे एक्कावन्न वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, तो डॉक्टर नालायक होता. मीही कितीतरी दिवस हेच म्हणत होतो, चारचौघात, मोठ्या आवाजात. पण जरा हिशोब करू. डेन्मार्कमध्ये कॅन्सरच्या रोग्यांची देशभर नोंद १९४३ पासून होते. तिथे लाळग्रंथीचा कॅन्सर वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. आपल्याकडे प्रमाण याहून कमीच मानलं जातं. तरी डेन्मार्कचाच आकडा धरला, तर अठरा लाखांच्या परभणी जिल्ह्यात वर्षाला अठरा रोगी. त्यातले काही नांदेडला जाणार, काही औरंगाबादला, काही कुठेच नाही. उरलेले तालुक्या-तालुक्यांत वाटले गेले तर एका सर्जनच्या वाट्याला काही वर्षांत एखादा. अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियनमध्ये मदत, अपघात, हे सगळं एकट्यानं करणाऱ्या माणसाचा त्या नसेवर हात बसणार कधी? त्याच्या उलट न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये फूट आणि फ्रेझेल या दोघांनी १९५३ साली मोठ्या लाळग्रंथींच्या गाठींचं वर्गीकरण छापलं, ते ८७७ गाठी बघून. एकाच हॉस्पिटलच्या ८७७! एवढ्या बघितल्यावर कळलं की हा एक रोग नाहीच, डझनभर वेगवेगळे आहेत. कुणी वर्षानुवर्षं झोपून राहतो, कुणी नसेच्या बाजूनं सरपटत लांब जातो.

ऑपरेशन न जमणं मी समजू शकतो. गाठ बाटलीत घालून लॅबला न पाठवणं मला अजून समजत नाही. त्याला ८७७ गाठींचा अनुभव लागत नाही, फॉर्मॅलिनची एक बाटली लागते.

म्हणजे दुर्मिळ रोगाचं ज्ञान थोड्याच ठिकाणी साठतं. मग उरतो प्रश्न अंतराचा. आणि अंतराचं काय होतं ते बघायला पुन्हा कोपनहेगनला जाऊ, कारण या रोगाची एक विचित्र गोष्ट तिथूनच राज्य चाललेल्या बर्फाच्या मुलुखातली आहे.

१९६० च्या दशकात कॅनडाच्या उत्तर टोकाच्या लोकांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की इनुइट लोकांत लाळग्रंथीच्या गाठी फारच दिसतायत. पुढे अलास्कातही तेच, ग्रीनलँडमध्येही तेच. बाकी जगात अगदी क्वचित सापडणारा एक प्रकार या लोकांमध्ये जगात सगळ्यात जास्त. त्या गाठींच्या पेशींमध्ये एपस्टाइन-बार नावाचा विषाणू सापडतो. हा विषाणू तुमच्या-माझ्या अंगातही बहुतेक असेलच, पण इनुइट लोकांतच तो या ग्रंथीत असा का वागतो, तर त्यामागे अनुवंश आणि राहणीमान दोन्ही असावं असं मानलं जातं.

आता ग्रीनलँड डोळ्यांसमोर आणा. १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत. लोकसंख्या छप्पन-सत्तावन्न हजार, म्हणजे आपलं एखादं तालुक्याचं गाव, आणि तेवढी माणसं हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर विखुरलेली. एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. बोट, हेलिकॉप्टर, नाहीतर छोटं विमान. राजधानी नूकमध्ये मोठं हॉस्पिटल आहे. १९५४ साली टीबीच्या रोग्यांसाठी सॅनेटोरियम म्हणून सुरू झालं. पण चेहऱ्याची नस सोडवत गाठ काढायची म्हटल्यावर रोग्याला जावं लागतं कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलला. साधारण साडेतीन हजार किलोमीटर. वर्षानुवर्षं आधी लहान विमानानं कांगेरलुसुआकला यायचं आणि तिथून मोठं विमान धरायचं. नूकची मोठी धावपट्टी सुरू झाली २०२४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे परवा परवा.

डेन्मार्कनं एक गोष्ट मात्र फार लवकर ओळखली. १९७६ मध्ये तिथल्या डोकं-मान कॅन्सरच्या डॉक्टरांनी मिळून देशपातळीवर गट केला. उपचार मोजक्याच केंद्रांत, पद्धत सगळीकडे सारखी, नोंद एकत्र. त्यामुळे डॅनिश माणूस उत्तरेच्या टोकाला राहत असो की राजधानीत, त्याच्या गालावर सुरी चालवणारा हात सरावाचाच असतो. मला हे पटतं. आणि तरीही माझ्या डोक्यात ती ग्रीनलँडची म्हातारी राहते, जिला ग्रीनलँडिक सोडून काही येत नाही, जी आयुष्यात पहिल्यांदा एवढी झाडं बघते, आणि दुभाष्याकडून ऐकते की तुझ्या चेहऱ्याची एक बाजू कदाचित जाईल. कोपनहेगनमध्ये या रोग्यांसाठी एक घरच आहे, ग्रीनलँडहून आलेल्यांनी उपचार संपेपर्यंत राहायचं. आपल्या भाषेत धर्मशाळा.

तर आता दादरला या.

परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं वेल्समध्ये उपचार घेताना गेल्या. त्यानंतर असं काही आपल्याकडे हवं हा विचार टाटांच्या घरात रुजला. तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या गोव्यात जन्मलेल्या वसंत रामजी खानोलकरांनी. पॅथॉलॉजिस्ट माणूस. भिंगाखाली गाठ बघितल्याशिवाय कॅन्सरवर बोलायचं नाही ही शिस्त या शहरात आणणाऱ्यांत ते अगदी पुढे होते. आमच्या गावाकडच्या दवाखान्यापर्यंत ती शिस्त पोचायला अडुसष्ट वर्षं पुरली नाहीत, हे वाक्य मी कितीदा लिहिलं आणि खोडलं. आज ठेवतोय.

अंतर कमी करायचे प्रयत्नही झालेत, ते सांगायला हवं. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन गाठ, जखम, अंगावरून जाणं याबद्दल बोलायचे, आणि नुसत्या त्या बोलण्यानं बायका लवकर तपासायला यायला लागल्या. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं, देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं एका धाग्यात, उपचाराचे नियम सारखे करायचे म्हणून. डेन्मार्कच्या गटासारखीच कल्पना, पण एकशे चाळीस कोटींच्या देशात.

काकाचं ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळी संपलं. जुन्या ऑपरेशनच्या जखमेनं आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं. नवी, न हात लावलेली ग्रंथी असती तर नस शोधणं पुष्कळ सोपं गेलं असतं, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी काकूला कागदावर चित्र काढून समजावलं. पाचातले चार दोरे वाचले. ओठाचा पाचवा गाठीत गुंतला होता, तो कापावा लागला. मग सहा आठवडे रेडिएशन. तेवढे दिवस काका-काकू दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. शेजारी दरभंग्याचं जोडपं, त्या माणसाच्या जिभेचा कॅन्सर. काकूला हिंदी धड येत नव्हतं आणि त्या बाईला मराठी अजिबात नाही, पण दोघींनी मिळून स्टोव्हवर खिचडी शिजवली. दरभंगा ते दादर म्हणजे दीड-दोन दिवसांचा प्रवास. आमचे साडेपाचशे किलोमीटर त्यापुढे काहीच नाहीत.

आणि घाम? घामाची गोष्ट राहिलीच की. ल्वूव शहरात, तेव्हा ते पोलंडमध्ये होतं, लुत्स्या फ्राय नावाची एक मज्जातज्ज्ञ डॉक्टर होती. त्या काळात या विषयातल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. तिच्याकडे एक सैनिक आला. गोळी लागून त्याची पॅरोटिड पिकली होती, जखम भरली, पण जेवायला बसला की गालावर घाम. तिच्याआधीही काहींनी असा घाम पाहिला होता. पण तिनं १९२३ मध्ये नीट मांडलं की हा उद्योग कानाजवळच्या कुठल्या नसेचा. लाळेची आज्ञा घेऊन जाणारे तुटलेले तंतू पुन्हा वाढतात, पण त्यांची ग्रंथी आता जागेवर नसते. मग ते वाट चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. मेंदू म्हणतो, लोणचं आलं, लाळ सोड. गाल म्हणतो, बरं, आणि घाम सोडतो. जगभर याला फ्राय सिंड्रोम म्हणतात. लुत्स्या ज्यू होती. १९४२ साली ल्वूवच्या घेट्टोत नाझींनी तिला मारलं असं मानलं जातं.

मी हे काकाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा घामाबद्दल काही बोलला. एरवी तो विषयच काढत नाही. म्हणाला, "म्हणजे नस जित्ती हाय म्हण की." यावर इंजेक्शन मिळतं, काही महिने घाम थांबतो, हेही सांगितलं. तो म्हणाला, राहू दे.

दरवर्षी तपासणीला तो अजून देवगिरीनंच जातो. या वेळी मी त्याला परभणी स्टेशनला सोडायला गेलो तर सोबत गल्लीतला एक पोरगा होता, विशीतला, कानाखाली सुपारीएवढी गाठ. पोराच्या बापाचं म्हणणं होतं, गावातच काढून टाकू, दोन टाके पडतील. काका त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसला, म्हणे बराच वेळ काही बोललाच नाही. मग काकूनं दिलेल्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि उजवा गाल त्या बापापुढे केला.

गाडी चाळीस मिनिटं लेट होती. पोरगा फोनवर क्रिकेट बघत होता आणि काका त्याची फाईल मांडीवर घेऊन बसला होता, दोन्ही हातांनी धरून.